भिंतीकडे तोंड केलेले मग

ब्लू रॅम, हेस्लडेन
बुधवार, दुपार (गिऱ्हाईक एक, तेही झोपलेलं)

प्रिय नॉर्मनभावजी,

डोरीनवहिनीचा काउंटरामागून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असेल, त्या स्पेनच्या उन्हाने गुडघा मोकळा झाला असेल आणि सकाळच्या कॉफीत तुम्ही अजून चोरून ब्रँडी घालत असाल, असं धरून चालते. धरूनच चालावं लागतंय, कारण गेल्या सहा दिवसांत मी तुम्हाला चौदा वेळा फोन केला आणि चौदाही वेळा तो नुसता वाजत राहिला. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं काहीच ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं, आणि माझ्या आईने मला वाईट वळण लावलेलं नाही. पाऊस आहे. इनॉक शेकोटीपाशी तोंड उघडं टाकून घोरतोय. (त्र्याऐंशीचा झाला. दर पंधरा मिनिटांनी मी त्याचा श्वास बघून येते. सध्याच्या दिवसांत मला प्रत्येक गिऱ्हाइकाची अशी खात्री करून घ्यावी लागते, त्याचं कारण पुढे येईलच.)

विषयाला हात घालते. ब्रुअरीकडून, म्हणजे पबच्या मालकांकडून, मार्चमध्ये पत्र आलं की तीस सप्टेंबरला ब्लू रॅमला टाळं लागणार. मग इथे तीन फ्लॅट होणार. नकाशाही सोबत जोडला होता. तो मी नीट पाहिला, तर जिथे तुमचे बंधू चाळीस वर्षं बिअर ओतत उभे राहिले, बरोबर तिथे कुणाचं तरी न्हाणीघर दाखवलं होतं. क्लिफर्डच्या जागी कुणीतरी परका माणूस उभा राहून दात घासणार, हे वाचून मला इतका संताप आला की त्या दिवशी मी एकुलत्या एका गिऱ्हाइकावर, म्हणजे इनॉकवर, उगाचच खेकसले. त्याने फक्त व्हिनेगरातलं अंडं मागितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, लोक कुठे गेले? लोक कुठेही गेलेले नाहीत, घरी बसलेत. त्यांनी दारू सोडली असती तर मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली असती. पण नाही, पितात, सोफ्यावर बसून पितात, मॉलमधले डबे आणून, मोजे काढून! समोरासमोरच्या घरांत राहणारे दोन बाप्ये एकमेकांना आपापल्या ग्लासांचे फोटो फोनवर पाठवतात आणि त्याला म्हणे बैठक म्हणतात. जुन्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिराचं घर करून राहणारं ते तरुण जोडपं येतं रविवारी, माणसं गोड आहेत, पण दोघांत मिळून एक बिनदारूची बिअर घेतात आणि चार तास बसतात. त्यांच्या कुत्र्याला मी पाणी देते, आणि खरं सांगते, तिघांत जास्त तोच पितो. (ज्या मंदिरातून शंभर वर्षं आमच्या धंद्याला शिव्याशाप दिले गेले, तिथल्या माणसांनी अखेर आम्हाला इतक्या प्रेमाने, काहीही न पिता मारावं, याची मला गंमत वाटते. रात्री अंथरुणात वाटत नाही, दिवसा वाटते.) पूर्वी माणूस भांडला तर इथे येऊन भांडायचा, बायको रुसली तर इथे येऊन बसायचा, बाप मेला तर इथे येऊन गप्प राहायचा. आता या तिन्ही गोष्टी फोनमध्ये होतात. फोनमध्ये गप्प कसं राहतात ते मला अजून कळलेलं नाही.

तर ब्रुअरीने आमच्यावर एक मुलगा नेमलाय, ट्रिस्टन नावाचा. पायात मोजे नसतात, फेब्रुवारीतसुद्धा. ते पत्र यायच्या आधीच, आल्या आल्या, त्याने ‘जागेचा चेहरामोहरा बदलू या’ असं ठरवून भिंतींना ओल्या दगडाचा रंग मारला. इथल्या बाहेरच्या भिंती आधीच ओल्या दगडाच्या आहेत, हे त्याला कुणी सांगावं? आणि त्या रंगकामातच माझ्या हातून चूक झाली. चूक अशी, की ती फक्त याच पबमध्ये होऊ शकते आणि तुम्हीच फक्त तिला चूक म्हणाल.

काउंटरावरचे मग आठवतायत ना? कथलाचे, आकड्यांना टांगलेले, प्रत्येकाचा आपापला. माणूस आत आला की त्याच्या मगाचं तोंड खोलीकडे करायचं, घरी गेला की भिंतीकडे. त्यावरून कोण आत आहे ते बायकांना दारातून डोकावूनच कळायचं. आणि माणूस वारला, की त्याचा मग त्याच आकड्यावर कायमचा भिंतीकडे तोंड करून राहायचा. तो कुणी काढायचा नाही, फिरवायचा नाही, त्यातून दुसऱ्याने प्यायचं तर नाहीच नाही. क्लिफर्ड याबाबतीत पाद्र्यापेक्षा कडक होता. तर रंगासाठी मी सगळे मग उतरवले, सोड्याने लखलखीत घासले आणि वाळल्यावर परत टांगले. टांगताना कामाच्या गडबडीत (आणि ते चमकत होते म्हणून, खोटं कशाला बोलू) वारलेल्या तिघांच्या मगांची तोंडं खोलीकडे केली. विल्फचा, सेथचा आणि क्लिफर्डचा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुपारी तीनला कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनो, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावातली दुकानं गुरुवारी अर्धा दिवस बंद असायची तेव्हापासूनची ती वेळ. आता दुकानंच नाहीत, पण तीन अजून वाजतात. मी ग्लास पुसत होते. कोपरा रिकामा. आणि टेबलावर ठोकल्याचा आवाज आला. एकच. बोटाच्या पेराने लाकडावर. हातात लावण्यासारखी सोंगटी नसली की ‘माझं नाही, पुढे चला’ म्हणून ठोकतात ना, तसा. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा, जरा लांबलेला. तिसरा ऐकल्यावर माझ्या हातून ग्लास सुटला, कारण ठोकण्याआधी पेर टेबलावर घासायची सवय या जगात एकाच माणसाला होती आणि त्याच्याबरोबर मी एकेचाळीस वर्षं संसार केलाय.

इनॉक जागा झाला. मला वाटलं घाबरेल. तो म्हणाला, “वहिनी, विल्फला अजून धड सोंगट्या येत नाहीत वाटतं.” आणि परत झोपला.

पाच वाजता आवाज थांबले. मी जाऊन पाहिलं तर चार खुर्च्यांपैकी तीन मागे सरकलेल्या, त्यातली एक तिरकी, कमरेचं दुखणं असलेला माणूस ओढतो तशी. तिन्ही मग आतून ओले, आणि वासही बिअरचाच. पिंप मात्र होतं तेवढंच. पितात कसं ते देव जाणे, पण धंद्याच्या दृष्टीने ही मंडळी प्रार्थनामंदिरातल्या जोडप्याच्याच जातीची. फरक इतकाच की हे फोन बघत नाहीत.

मग मी ते मग भिंतीकडे का फिरवले नाहीत, असं तुम्ही विचाराल. इनॉकनेही विचारलं. त्याला मी सांगितलं की हात पोचत नाही. तुम्हाला खरं सांगते. भावजी, मला तो हवा आहे. गुरुवारी तीन ते पाच. बाकीचा आठवडा मी विधवा असते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या दोन तासांत मी काउंटरापाशी उभी राहून त्याचं ते बोट घासणं ऐकते आणि मनातल्या मनात त्याला दिवसभराच्या कटकटी सांगते. तो ऐकत नाही, डॉमिनोत असतो. अगदी पूर्वीसारखं. म्हणूनच ते न्हाणीघराचं पत्र आलं तेव्हा मला पबची नव्हे, त्या कोपऱ्याची काळजी लागली. ते तिन्ही मग उतरवून मी बहिणीकडे नेले तर तिच्या स्वयंपाकघरात ही मंडळी येतील का? येणार नाहीत. सेथचं आणि तिचं कधीच पटलं नाही.

एप्रिलात ट्रिस्टनने दाराच्या चौकटीत एक यंत्र बसवलं. लाल डोळ्याचं. आत येणारं प्रत्येक माणूस ते मोजतं आणि आकडा थेट ब्रुअरीच्या ऑफिसात जातो. इथे कुणी फिरकत नाही हे साहेबांना पुराव्यानिशी दाखवायचं होतं. महिन्याभराने तो स्वतःच आला, कपाळाला आठ्या घालून.

“मॅडम, गुरुवारी दुपारी तुमच्याकडे पाच जण येतात?”

मी म्हटलं, “इनॉक येतो. आणि टपालवाली बेट्टी, वाटप संपवून अर्धा ग्लास घेते.”

“दोन झाले. बाकीचे तीन?”

“ते तुझ्या जन्माच्या आधीपासून येतात, बाळा.”

“पण ते काही घेत नाहीत?”

“त्यांना डॉक्टरांनी बंद केलंय,” इनॉक डोळे न उघडता म्हणाला.

आणि भावजी, ट्रिस्टनचा चेहरा उजळला हो! तो म्हणाला, हाच तर आजचा ग्राहक. पीत नाही, पण दोन तास बसतो, दर आठवड्याला न चुकता येतो, अनुभवासाठी येतो. त्याने कोपऱ्याचे फोटो काढले. (ते सगळे हलले. त्याने फोनला दोष दिला.) तिथे बसून पाहिलं, सेथच्या खुर्चीत, आणि लगेच उठला, म्हणाला, इथे कुठून तरी गार वारा येतो, पण त्याने जागेला एक व्यक्तिमत्त्व येतं. मग जाताना दारात थांबून म्हणाला की साहेबांना तो समजावू शकेल, फक्त एक अडचण आहे. आकडा पाचावर अडकलाय. आलेख वर जायला हवा. “फार नाही मॅडम, पाचाचे सहा झाले तरी पुरे. सप्टेंबर संपायच्या आत एक माणूस वाढवा, मी वर्षभराची मुदत मिळवून देतो.”

मी काय नाही केलं! पाटी लावली, प्रार्थनामंदिरवाल्यांना गुरुवारचं आमंत्रण दिलं (त्यांचा त्या वेळी योग असतो), पाद्रीबाईंना बोलावलं. त्या उंबऱ्याबाहेरूनच कोपऱ्याकडे पाहून पांढऱ्याफटक पडल्या आणि त्यांना अचानक एक बारसं आठवलं. ऑगस्ट संपला. आणि सारा वेळ कोपऱ्यात नुसती टकटक. विल्फ, सेथ, क्लिफर्ड. विल्फ, सेथ, क्लिफर्ड. शेवटी इनॉकने उलगडा केला. म्हणाला, “वहिनी, ते खेळत नाहीयेत. खेळता येत नाहीये म्हणून ठोकतायत. चौथा भिडू नाही ना.” मी म्हटलं, मग तुम्ही बसा. तर म्हणतो, जिवंतपणी हे तिघे सोंगट्या लपवायचे, आता तर काय बघायलाच नको.

असं सगळं आहे. सांगायचं ते सांगून झालं. उन्हात टोपी घाला, खारे मासे कमी खा आणि वहिनीची आठवण ठेवा.

तुमची,
डोरीनवहिनी

ता. क. एक गोष्ट राहिली, म्हणजे सहा वर्षं राहिलीय. अकरा वर्षांपूर्वी त्या गुरुवारी क्लिफर्डने ठोकलं आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, “दादा, तुझ्याकडे डबल चौका आहे. सोंगटी हातात असताना ठोकतोस?” तो म्हणाला, झडती घे. तुम्ही उठलात, आपला मग स्वतःच्या हाताने भिंतीकडे फिरवलात आणि महिन्याभरात स्पेनला गेलात. त्यानंतर तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत, आणि सहा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा तुम्ही नुसती फुलं पाठवलीत. भावजी, डबल चौका त्याच्याकडेच होता. त्याचे कपडे आवरताना राखाडी स्वेटरच्या खिशात मला सापडला. मी तो गल्ल्याच्या खणात ठेवला आणि तुम्हाला कळवलं नाही, कारण मेलेल्या नवऱ्याला खोटं पाडायचं माझ्याने होईना. चुकलं माझं. त्याचंही चुकलं, पण त्याने कधी कबूल केलं नसतं, म्हणून त्याच्या वाटचंही मीच लिहिते.

ता. क. २. ब्लू रॅम वाचला. वर लिहायचं होतं पण हात पुढे जाईना. गेल्या गुरुवारी सकाळी मी तो डबल चौका खणातून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. आणि ठेवताना, देवा मला क्षमा कर, मी मनात म्हटलं, अजून एक आला असता तर बरं झालं असतं. तीन वाजले. कुणी ठोकलं नाही. दोन तास नुसता सोंगट्या लावल्याचा आवाज, टक, टक, टक, चौघांचा चालतो तसा, न थांबता. पाच वाजता चारही खुर्च्या मागे सरकलेल्या होत्या. संध्याकाळी ट्रिस्टनचा निरोप आला: “सहा! अभिनंदन मॅडम!” आणि शेजारी नाचणाऱ्या माणसाचं एक चित्र. मी मगांच्या आकड्यांकडे पाहिलं. तुमचा मग, अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून असलेला, खोलीकडे वळलेला होता. मी नाही फिरवला. आत बोट घातलं तर ओला. तेव्हापासून मी फोन करते आहे.

ता. क. ३. इनॉक म्हणतो तिघांतही खेळता येतं, आणि यंत्राने एखादं कुत्रं मोजलं असेल. मीही तेच धरून चाललेय. या पत्राच्या दोन प्रती केल्यात. एक स्पेनला पाठवते, दुसरी घडी करून तुमच्या मगात ठेवते. तिकडे असाल तर फोन उचला; शिव्या दिल्यात तरी चालेल, मला ऐकायच्याच आहेत. मग मी सगळे मग भिंतीकडे फिरवते, क्लिफर्डचासुद्धा, आणि ट्रिस्टनला सांगते की बाबा, आकडा चुकला, बांधा तुमचं न्हाणीघर. आणि इकडे असाल तर एकदा टेबलावर ठोका. एकदाच. मी काउंटरापाशीच आहे.

ता. क. ४. गुरुवार, तीन वाजून दहा मिनिटं. आत्ताच एकदा ठोकल्याचा आवाज आला. पण तो विल्फही असू शकतो, त्याला कधीच धड सोंगट्या येत नाहीत. तेव्हा भावजी, तुम्ही फोन कराच.